शेवटची छत्तीस पाने

आषाढातला दुसरा गुरुवार. रक्कम पंचवीस रुपये, ठरलेल्या पंचाहत्तरांपैकी विसार म्हणून. हजर: माझे वडील अण्णा, आई, पुण्याहून आलेले प्रकाशक दादासाहेब, मी, आणि दुधाचा महिन्याचा हिशेब करायला आमच्या ओसरीवर बसलेली औंढ्याची हौसाबाई. हौसाबाईला साक्षीदार म्हणून कोणी बोलावले नव्हते. पण पाऊस असा लागला होता की तिला उठता येईना, आणि दादासाहेबांनी पाच-पाचच्या पाच नोटा मोजल्या तेव्हा तिनेही ओठ हलवत त्या मोजल्या. अण्णांनी कागदावर सही केली, खाली ‘रुपये पोहोचले’ असे लिहिले आणि शाई वाळावी म्हणून कागद शेगडीवर धरला. लोणावळ्यात आषाढात शाई आपोआप वाळत नाही.

आमचे घर स्टेशनामागे, रेल्वेच्या चाळीत. दोन खोल्या, ओसरी, आणि मागे पत्र्याचे स्वयंपाकघर. अण्णा पार्सल ऑफिसात होते. घाट चढून आलेल्या गाड्यांच्या शिट्ट्या आणि पत्र्यावरचा पाऊस, यांतला एक आवाज थांबला तर आम्हाला चुकल्यासारखे वाटे. दोन्ही एकदम थांबले तर आई बाहेर जाऊन बघून येई. चार महिने प्रत्येक वस्तूला बुरशी धरायची. अण्णांच्या टोपीला, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेल्या दादऱ्याला, देव्हाऱ्यातल्या वातींना, माझ्या शाळेच्या जुन्या दप्तराला. त्यावर उपाय एकच. माजघरात कोळशाची शेगडी पेटवायची, तिच्यावर बांबूचे डालगे पालथे घालायचे, आणि जे ओले असेल ते त्या डालग्यावर पसरायचे. लुगडी, धोतरे, मिठाची पुरचुंडी, काड्यापेट्या, पापड, वर्तमानपत्र, सगळे त्याच्यावरून जाई. आई म्हणायची, “इथं माणसं तेवढी वाळवायची राहिलीत.” अजूनही कोळशाचा आणि ओल्या सुताचा वास एकत्र आला की मी पुन्हा अठरा वर्षांची होते. आता माझ्या पुस्तकांच्या कपाटात पावसाळाभर विजेचा दिवा जळतो, म्हणून पुस्तके कोरडी राहतात. महिन्याला त्याचे किती पडतात ते मी लिहून ठेवते, आणि द्यायला कुरकुर करत नाही. का, ते पुढे कळेल.

मी मॅट्रिक झाले होते. एका इंग्रजी गोष्टीचे भाषांतर मी केले आणि ते एका मासिकात छापून आले. त्याचे पैसे मिळाले नाहीत, अंकाच्या दोन प्रती मिळाल्या. दादासाहेब अण्णांचे शाळेतले सोबती. ते कादंबऱ्यांची एक माला चालवत. त्यांनी ती गोष्ट वाचली आणि गाडीत बसून थेट आमच्याकडे आले. बरोबर एक जाड इंग्रजी कादंबरी होती, कोणा विलायतेतल्या बाईंची. पाने चारशे बारा. मुदत दसऱ्यापर्यंत, म्हणजे दिवाळीला पुस्तक बाजारात. पुस्तकाची हिंदुस्थानात आणखी प्रत असेल असे दादासाहेबांना वाटत नव्हते, म्हणून ते जपून वापरावे आणि हस्तलिखिताबरोबर परत करावे. “हे जमलं तर वर्षाला दोन पुस्तकं देईन,” ते मला म्हणाले, “नाही जमलं तर तुझ्या वडिलांशी माझी मैत्री आहे तशीच राहील, पण पुस्तक पुन्हा मिळणार नाही.” वर्षाला दोन पुस्तके! मी लगेच मनात मांडले: दहा वर्षांत वीस. मला दुसरे काही नकोच होते. पंचवीस रुपयांतले अठरा लगेच स्वयंपाकघराच्या पत्र्यांत गेले, कारण आईच्या चुलीवर तीन ठिकाणी गळत होते. म्हणजे पैसे परत करायचा रस्ताही राहिला नाही.

रोज आठ पाने, असे बावन्न दिवस. मग स्वच्छ प्रत. मी वहीत तक्ता आखला. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मी गोष्ट इकडे आणली होती. तिकडची नदी मी आमच्या कोकणातली खाडी केली, तिकडची होडी चालवणारी मुलगी झाली गोदा. गोदाचा बाप खाडीवर तर चालवायचा, म्हणजे लोकांना होडीतून या काठावरून त्या काठावर सोडायचा. तो वारला आणि होडी गोदाने हातात घेतली. तिचा मोठा भाऊ केशव चौदा वर्षांपूर्वी जहाजावर गेला तो परतला नव्हता. आणि एक दिवस एक दाढीवाला माणूस धक्क्यावर उतरतो आणि म्हणतो, मी केशव. त्याला घराची खोली न् खोली तोंडपाठ आहे, बापाचे बोलणे तो हुबेहूब काढून दाखवतो. गावातले निम्मे लोक म्हणतात हाच केशव, निम्मे म्हणतात खऱ्या केशवाकडून सगळे ऐकून हा चोर आलाय, घर आणि होडी बळकावेल. गोदाला तो भाऊ हवा आहे, हीच तिची अडचण.

सकाळी हौसाबाई यायची. औंढ्याहून डोक्यावर दुधाची कासंडी घेऊन, वर पावसाचे इरले. बाकीची घरे करून ती शेवटी आमच्याकडे यायची आणि दीड शेर दूध मापून ओसरीवर टेकायची. आई तिला चहा द्यायची. पहिल्याच आठवड्यात मी आदल्या दिवशीची आठ पाने आईला वाचून दाखवत होते, आणि मध्येच हौसाबाई म्हणाली, “म्हंजी?”

मी वाक्य पुन्हा वाचले. “‘तिच्या अंतःकरणात परस्परविरोधी भावनांचा कल्लोळ उसळला.’”

“म्हंजी काय झालं तिला?”

“म्हणजे... तिला आनंदही झाला आणि भीतीही वाटली.”

“मग तसं लिव की. उगं पोरीच्या पोटात कालवाकालव कशापाई?”

आई तोंडाला पदर लावून हसली. मी रागाने ती ओळ खोडली, आणि खोडल्यावर पान बरे दिसू लागले हे मला मान्य करावे लागले. तेव्हापासून ती रीतच पडली. मी वाचायची, आई तांदूळ निवडत ऐकायची, आणि हौसाबाईने ‘म्हंजी’ म्हटले की मी समासात टिंब द्यायची. टिंब आले की वाक्य नव्याने लिहायचे. सत्तेचाळीस दिवसांत टिंबे दोनशे अकरा झाली. पहिल्या दहा दिवसांत त्र्याण्णव होती, शेवटच्या दहांत फक्त नऊ. मला भाषांतर कुठे शिकलात असे कोणी विचारले की मी हे आकडे सांगते. लोकांना तो विनय वाटतो. तो विनय नाही, वही अजून माझ्याकडे आहे.

हौसाबाईला केशवाचा फार ध्यास लागला. “भाऊच हाय त्यो,” ती सांगायची. आई म्हणायची, “मला नाही वाटत. फार गोड बोलतो.”

“आवो काकू, चौदा वर्सांनी घरी आल्याला मानूस ग्वाड न्हाई बोलनार तर काय भांडंल?”

“तुमचा भाऊ बोलतो का गोड?” आईने सहज विचारले.

हौसाबाईने कासंडी उचलली. “आमचं न्हाई बोलनं,” म्हणाली आणि पावसात निघून गेली. नंतर आईने हळूहळू काढून घेतले. तिचे माहेर पवन मावळात, तिकोणा पेठेला. तिने लहानपणापासून वाढवलेला बैल तिचा भाऊ म्हादू याने तिला न विचारता विकला होता. त्यावरून जे वाजले ते वाजले, आणि नऊ वर्षांत ना ती भाऊबीजेला गेली, ना तो बोलवायला आला.

सत्तेचाळिसावा दिवस. तीनशे शहात्तर पाने झाली, छत्तीस राहिली. साडेचार दिवसांचे काम. दुपारी तीनच्या सुमाराला मी लेखणी खाली ठेवली. पाने ओलीने एकमेकांना चिकटत होती, म्हणून पुस्तक डालग्यावर उघडे, पालथे ठेवले. बांधणीचा दोरा सुटत आला होता आणि शेवटच्या पानांचा जुडगा खिळखिळा झाला होता, हे मला बारा दिवस माहीत होते. टाका घालीन घालीन म्हणत राहिले. डालग्याची एक कांबी तुटून तळहाताएवढे भोक पडले होते, हेही माहीत होते. आई त्यावर फडके टाकायची, त्या दिवशी ते नव्हते. तेवढ्यात अण्णा घरी आले, त्यांचा कोट पाण्याने निथळत होता. तो मी पिळला आणि त्याच डालग्यावर, पुस्तकाच्या वर, पसरला. हौसाबाईने सकाळी सहा कणसे दिली होती. आई आणि मी स्वयंपाकघरात ती भाजायला बसलो. मीठ, तिखट, लिंबू. जळका वास आला. आम्हाला वाटले, कणसाचा. आई म्हणाली, “अगं फिरव, करपतंय.” मी कणीस फिरवले. वास वाढला. मी आणखी फिरवले. तीन कणसे संपवून आम्ही माजघरात गेलो तेव्हा डालग्याखालून धूर येत होता.

अण्णा पंचा गुंडाळत आतून आले. “कोट?”

“कोट धड आहे,” आई म्हणाली.

“मग रडते का ही?”

ओल्या कोटाच्या वजनाने शेवटचा जुडगा सुटून भोकातून निखाऱ्यांवर पडला होता. अठरा पाने म्हणजे छापील छत्तीस, पान तीनशे सत्त्याहत्तरपासून शेवटपर्यंत. बाकीच्या पुस्तकाला धुराचा डाग तेवढा. उरलेल्या शेवटच्या पानावरची शेवटची ओळ मी सकाळीच मराठीत केली होती. केशव म्हणवणारा माणूस खाडीच्या पायऱ्या उतरून होडीकडे येतो आहे, आणि ‘गोदा त्याच्या पायांकडे पाहत राहिली, कारण’. पान तिथे संपत होते. पुढचे वाचायचे नाही, गोष्ट आपल्यालाही रोज आठ पानांनीच कळली पाहिजे, हा माझाच नियम. आज मी तो पाळत नाही.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईला मी वाचून दाखवले आणि ‘कारण’पाशी थांबले.

“कारन काय?”

“जळलं.”

तिला आधी कळेचना. कळले तेव्हा तिने कपाळावर हात मारला. “आन् माजीच कणसं!” म्हणाली. तेवढ्यातही आम्हा तिघींना हसू आले.

अण्णांनी काय करता येईल ते केले. त्यांच्या ओळखीच्या एका गार्डाने मुंबईला दुकानांत विचारले. पुस्तक नाही, मागवले तर बोटीने येईल, दसरा टळून जाईल. यात आठ दिवस गेले. मी दादासाहेबांना पत्र लिहिले. तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा पेटीत टाकले नाही. हे मी लपवत नाही. सांगितले असते तर ते पुस्तक घेऊन गेले असते, आणि त्याबरोबर पुढची वीसही. अण्णा म्हणाले, “कागदावर माझी सही आहे. पत्रानं नको तर नको, दसऱ्याला तोंडावर सांग. पण सांग.” मी हो म्हटले. त्या आठ दिवसांत घरात कोणी कणीस आणले नाही.

नवव्या दिवशी हौसाबाई दूध मापता मापता म्हणाली, “ताई, त्यो पायऱ्याच उतरत व्हता न्हवं?”

“हो.”

“आन् ही पायाकडं बगती.”

“हो गं. पण का, ते जळलं ना.”

“माज्या माहेरी उंबऱ्याम्होरं एक दगूड हाय. हालायचा. त्याच्यावर पाय दिला की मानूस पडलाच. आमी समदी भावंडं त्येच्यावरनं पाय उचलून टाकायचो. बगायचं न्हाई, नुस्तं टाकायचो. पाव्हना आला की धडपडायचा आन् आमी हसायचो.” तिने माप पालथे घातले. “तिच्या पायऱ्यांत बी आसंल येकांदा हालता.”

मला ती पायरी दिसलीच. पण मी हिशेबी. “चौदा वर्षं झाली, हौसाबाई. बापानं तो दगड कधीच बसवला असेल.”

“बसवू दे की. बेसच! दगूड बसंल, पाय इसरत न्हाई. चोराला घरातलं समदं कुनी बी पढवंल. पर हालत्या दगडाचं कोन सांगतंय? ज्येचं त्येला बी ठावं नसतं.”

ती गेल्यावर मी तक्ता काढला आणि त्यात नवा रकाना आखला. त्याला काय नाव द्यावे सुचेना, म्हणून कोराच ठेवला. मग बसले. भाषांतराची आठ पाने मला चार तास घ्यायची. त्या दिवशी दोन तासांत सहा झाली, आणि समोर दुसऱ्याचे पुस्तक नव्हते. खाडीचे पाणी मला कोकणात न जाताच दिसत होते. ते आमच्या इंद्रायणीचेच होते, भाजे गावच्या पुलाखालचे, भात लावणीच्या दिवसांतले, तांबडे. गोदाच्या बापाला मी अण्णांचा खोकला दिला. तिसरी पायरी मी हालती केली, बापाने ती चुन्यात पक्की बसवली, आणि दाढीवाला माणूस बोलता बोलता उतरला तेव्हा त्याने दुसरीवरून एकदम चौथीवर पाय टाकला. त्याला कळलेही नाही. गोदाला कळले. ती हातातली वल्ही सोडून रडली, आणि त्याला वाटले आपले काही चुकले. अकरा दिवसांत एक्केचाळीस पाने झाली. सकाळी वाचताना हौसाबाईने एकदाही ‘म्हंजी’ म्हटले नाही. आई म्हणाली, “मी उगीच त्याला चोर म्हणत होते,” आणि तांदूळ निवडायचे सोडून आत गेली.

स्वच्छ प्रत लिहिताना ‘कारण’ या शब्दापाशी मी समासात तांबडी रेघ ओढली आणि लिहिले, ‘येथून पुढे मूळ पुस्तक जळाले. पुढचा मजकूर माझा.’

आई वाकून बघत होती. “ओढलीच पाहिजे का रेघ? इतकं छान झालंय. विचारलं तर सांग.”

“विचारणार नाहीत म्हणूनच ओढली.”

दादासाहेब दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने आले. हजर माणसे तीच, जागा तीच. हौसाबाईचे दूध घालून झाले होते, पण ती हलायला तयार नव्हती. मी आधी धुरकटलेले पुस्तक पुढे ठेवले आणि एका दमात सगळे सांगितले: दोरा, भोक, कोट, कणसे. दादासाहेबांनी पुस्तक उलटे धरून झटकले, जणू पाने आत कुठे अडकली असतील. मग ते अण्णांकडे बघून म्हणाले, “तू पार्सलं पण अशीच सांभाळतोस का रे?” माझे कान तापले. दादासाहेबांनी हस्तलिखित घेतले, तांबडी रेघ शोधली आणि तिथूनच वाचायला लागले.

आईने अळूवड्यांची ताटली त्यांच्याजवळ ठेवली. ते न बघता एकेक उचलत होते. मी अकरा मोजल्या. बारावी त्यांनी उचलली आणि हातातच ठेवली, तोंडापर्यंत नेली नाही. मी मान तिरपी करून पाहिले: पायऱ्यांचे पान. हौसाबाईने माझ्या पाठीत बोट खुपसले. अण्णांच्या घड्याळाने एक तास दहा मिनिटे झाली तेव्हा दादासाहेबांनी शेवटचे पान खाली ठेवले, मग हातातली अळूवडी खाल्ली, मग चष्मा पुसला.

“मुळात काय आहे माहीत आहे?” ते म्हणाले. “मी वाचलंय. ती पायांकडे बघते, कारण त्याचे बूट नवे असतात. तिथून तिला संशय येतो, आणि मग तीस पानं नुसते वकील. शेवटी तो चोर निघतो.”

“वकील?” हौसाबाई न राहवून बोलली. “भाऊ वळखायला वकील?”

दादासाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईने पाणी दिले. “ही पायरी कुठून आणलीस?” त्यांनी मला विचारले. मी हौसाबाईकडे बोट केले.

“माज्या माहेरची हाय,” ती म्हणाली, जणू पायरी कोणी उचलून नेली असती तर तिने परत मागितली असती.

“असंच छापतो,” दादासाहेब म्हणाले. “रेघ पुसून टाक. ‘रूपांतर’ म्हटलं की सगळं चालतं. लोक विलायती नायिकेला मंगळागौरीला बसवतात.”

“रेघ राहू दे,” मी म्हणाले. आवाज बारीक निघाला, पण निघाला. “शेवट त्या बाईंचा नाही. त्यांच्या नावावर कसा घालायचा? पुढे एक ओळ छापा.”

“त्यानं खप कमी झाला तर?”

“तर पुढचं पुस्तक देऊ नका.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना भीती वाटली की बरे वाटले ते मी कधी विचारले नाही. दादासाहेबांनी ताटली बाजूला सरकवली. “कागद आण,” ते म्हणाले. “ओळ छापतो. पण मग मलाही हिशेब वेगळा मांडावा लागेल. भाषांतराचा दर निराळा आणि स्वतःच्या लिखाणाचा निराळा.”

आज माझ्या नावावर चौदा भाषांतरे आणि सहा कादंबऱ्या आहेत. म्हणजे वीसच, फक्त दहाऐवजी सव्वीस वर्षे लागली. दादासाहेबांची ती ओळ पहिल्या पुस्तकात बारीक टायपात आहे आणि तिच्यामुळे खप कमी झाला नाही. पुस्तक निघाल्यावर लोकांनी मला विचारले ते त्या छत्तीस पानांबद्दलच. जे शब्द माझे नव्हते ते नीट पोहोचवणे हे काम मला आवडत होते, अजून आवडते. पण त्या अकरा दिवसांत समोर कोरे पान असताना जो हलकेपणा वाटला, तो पुन्हा मिळावा म्हणून मी सहा वेळा घरच्यांचा जीव खाल्ला आहे. आता हिशेब मांडते, म्हणजे प्रकरण पुरे होईल.

ठरलेल्यांपैकी बाकी पन्नास. त्यातून जळालेल्या पुस्तकाची किंमत वजा, साडेचार रुपये. स्वतंत्र लिखाणाबद्दल जमा, दहा. त्या दिवशी हातात आले पंचावन्न रुपये आठ आणे. विसार धरून एकूण ऐंशी रुपये आठ आणे. पैसे हातात पडताच मी दहा रुपये हौसाबाईसमोर ठेवले.

“हे कशाचं?”

“दगडाचं.”

“ताई, येडी का खुळी? दगडाचं कुनी पैसं घेतं?” तिने नोटा माझ्याकडे सरकवल्या. मी परत सरकवल्या. तीन वेळा असे झाले. मग अण्णा म्हणाले, “हौसाबाई, घ्या. हिच्या वहीत लिहून झालंय, आता खोडता येत नाही.” तिने त्या उचलल्या, बराच वेळ बघितल्या आणि म्हणाली, “दगूड माजा येकटीचा न्हाई. आमा भावंडांचा हाय.” आणि नोटा कनवटीला लावून गेली.

भाऊबीजेला ती आली नाही. दूध तिच्या सुनेने घातले. “आत्याबाई पेठंला गेल्याती,” सून म्हणाली आणि स्वतःच डोळे मोठे केले. तिसऱ्या दिवशी हौसाबाई आली ती कासंडी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली.

“काकू, दारात ग्येले. म्हादू सोप्यात सुंभ वळत बसल्याला. मला बगून बोलंना. मी बी बोलंना. म्हनलं, पयसं द्यावं, त्वांड बगितलं, आता माघारी जावं. आन् उंबऱ्यापाशी माजा पाय आपसूक वर! त्यो बगतच व्हता. हासाया लागला, आन् हासता हासता डोळं पुसाया लागला. म्हनतो, आक्के, आगं दगूड बसवून सात वर्सं झाली!”

“मग?” आई आणि मी एकदम म्हणालो.

“मग काय? वळखलं की मला!” ती म्हणाली, आणि दीड शेराऐवजी दोन शेर दूध मापून गेली. जादा अर्ध्या शेराचे पैसे तिने कधीच घेतले नाहीत. माझ्या वहीत ती एक बाकी अजून आहे.

उरलेले तपशील तिने चहा पिता पिता सांगितले, आणि मी त्याच दिवशी टिपून ठेवले. हौसाबाईने भावाला, दगडाचा हिस्सा म्हणून, दहा रुपये. भावाने त्याच नोटा, त्यांत स्वतःचा एक रुपया घालून, ओवाळणीच्या ताटात. हौसाबाईला, भाऊबीजेचे, अकरा रुपये. पोहोचले.